शेवरलेटचा मागचा पडदा

रसूलभाईबरोबर बाजारात जायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. भाजी राहते बाजूला. रस्त्याच्या कडेला कुणी नवीकोरी मोटार लावलेली दिसली की हा माणूस पिशवी माझ्या हातात देतो आणि तिच्याभोवती फिरायला लागतो. हळदीच्या सौद्यात व्यापारी पोत्यात हात घालून माल बघतात, अगदी तसा. दाराखालच्या पायरीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "अक्का, हे बघा, फूटबोर्ड. मधी कितीतरी वर्षं काढून टाकला हुता ह्यांनी. आता पुन्हा लावला, आन म्हणं नवीन मॉडेल!" मग पुढे जाऊन दिव्यांपुढे वाकतो. "गोल दिवं. कुणाचं हायत? आपल्या म्हातारीचं." मागे जाऊन दाराला टांगलेली स्टेपनी थोपटतो. "आन हे बी तिचंच."

तोवर मोटारीचा मालक धावत येतो. "ओ चाचा, हात काढा. कोटिंग केलंय."

रसूल हात काढतो. वाद घालत नाही. चालता चालता मला म्हणतो, "आजीचं दागिनं घालून नात गावभर फिरतीया, आन आजी समोर आली तर वळखत न्हाई."

ही आजी, किंवा म्हातारी, म्हणजे माधवनगरला रसूलच्या शेडमध्ये उभी असलेली शेवरलेट. हूडाची, चार दारांची, स्वातंत्र्याच्या आधीची. एके काळी ती आमच्या नाटक कंपनीची जाहिरातीची मोटार होती. मी त्या कंपनीत नायिकेची कामं करायचे. हे सांगितलं की लोक अजून माझ्या तोंडाकडे निरखून बघतात, काहीतरी शोधतात, आणि सापडलं नाही की चहा घेणार का विचारतात. असो. कंपनी बुडाली तेव्हा मालकांनी कपडेपट विकला, पेट्या विकल्या, आणि ही मोटार दस्तगीर मास्तरांच्या दारात लावून ते निघून गेले. दस्तगीर मास्तर म्हणजे रसूलचे वडील. कंपनीचे पडदे तेच शिवायचे.

पडद्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमचा दर्शनी पडदा लांब कळकाला, म्हणजे बांबूला, खालून बांधलेला असे. विंगेतून दोरी ओढली की कळक फिरायचा आणि पडदा स्वतःला गुंडाळत वर जायचा. दोरी सोडली की उलगडत खाली. मास्तरांच्या हातचा पडदा बघत राहावा असा जायचा. खोट एकच, डावीकडून तो जरासा अडकायचा. एकदा तासगावच्या खेळात मी शेवटच्या अंकात विष पिऊन मेले, पडदा सुटला, आणि डावीकडे अडकला. माझं डोकं नेमकं डावीकडे. अर्धा पडदा खाली, अर्धा वर, आणि मधल्या फटीतून मेलेली राणी सगळ्या गावाला दिसतेय. मी डोळे मिटून हळूहळू उजवीकडे सरकायला लागले, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "आरं, सरकतीया बघ! जीव हाय अजून!" शोकांतिका तिथेच संपली.

तर जाहिरातीच्या या मोटारीत मागे आमचा पोऱ्या भोंगा आणि हँडबिलांचा गठ्ठा घेऊन बसायचा. हूडाची मागची बाजू बटणांनी बंद असे, त्यामुळे प्रत्येक चौकात गाडी थांबवायची, बटणं सोडायची, हँडबिलं उधळायची, पुन्हा बटणं लावायची. दस्तगीर मास्तरांनी ते बघितलं आणि बटणंच काढून टाकली. तिथे बारक्या वेताला बांधलेला छोटा पडदा शिवला, कोपऱ्यांत दोन कप्प्या बसवल्या आणि दोरी हूडाच्या पट्ट्यांवरून थेट ड्रायव्हरच्या डोक्याशी आणली. ड्रायव्हरनं बसल्या जागी दोरी ओढली की मागे पडदा वर. आमच्या नाटकापेक्षा तो पडदा बघायला पोरांची जास्त गर्दी व्हायची.

पुढे जीपा आल्या आणि वडाप सुरू झाली. वडाप म्हणजे आमच्याकडची खच्चून माणसं भरून गावोगाव जाणारी जीप. माणसं मागनं चढणार, मागनं उतरणार. दर थांब्याला कोण खाली उतरून कापड सोडत बसणार? जीपवाले मास्तरांकडे यायला लागले. "नाटकवाल्यांच्या मोटारीला हाय, तसला पडदा पायजे." मास्तरांनी शिवले, त्यांच्यामागे रसूलनं शिवले. जत, आटपाडी, विटा, कवठेमहांकाळ, कुठल्याही रस्त्यावर जीपची पाठ बघा, पडदा तोच, दोरी तीच. कुठून आलं हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नाही. नंतर पत्र्याच्या छपरांच्या बंद गाड्या आल्या आणि हूडाचं काम आटलं. आता रसूल रिक्षांचे हूड आणि सीटची कव्हरं शिवतो, आणि उरलेल्या वेळात म्हातारीची सेवा करतो. बॅटरी काढून घरात ठेवतो, चाकांखाली लाकडं देतो, आठवड्यातून एकदा तिला चालू करून शेजाऱ्यांच्या शिव्या खातो.

त्याची बायको जैनब त्याला सांगून सांगून थकली. "माझ्या डोळ्यातल्या मोतीबिंदूला तारीख मिळंना, आन हिच्या दिव्याला मुंबईवरनं नवी काच आली. अक्का, तुमीच सांगा, ह्यानं निकाह कुणाशी केलाय?"

"हिच्याशी आधी," रसूल म्हणतो. "तू नंतर आलीस."

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की जुन्या मोटारींची फेरी पुण्याहून निघून साताऱ्यात मुक्कामाला येणार आहे. तिथे एक दिवस प्रदर्शन, परीक्षक, बक्षिसं. आसपासच्या जिल्ह्यांतल्या जुन्या गाड्यांनाही भाग घेता येईल. रसूल संध्याकाळी माझ्याकडे आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"अक्का, मला काय बक्षीस नको. एकदा, बास एकदा, तिला रांगेत उभी करायची. आन पडदा वर करायचा. आन कुणीतरी चार माणसांत म्हणलं पायजे, की हा पडदा सांगलीच्या दस्तगीरनं केला, आन हितनं तो सगळीकडं गेला. अब्बांचं नाव कवा कुठं आलं न्हाई. तुमच्या हँडबिलावर पेटीवाल्याचं नाव असायचं, तबलेवाल्याचं असायचं. पडदेवाल्याचं न्हाई."

खरं होतं ते. मी म्हटलं, मी येते बरोबर. त्या पडद्याआड जगलेलं माणूस आता मीच तेवढी उरले आहे.

फोटो पाठवायचे होते ते धनाजीनं त्याच्या मोबाईलवर काढले. धनाजी हा आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वडील अजून मेंढरांमागे जातात, हा मात्र सांगली ते कवठेमहांकाळ वडाप मारतो. रसूलला चाचा म्हणतो आणि चाचाची चेष्टा करण्यात त्याचा दिवस जातो. फोटो त्यानं पुढूनच काढले. "लगीन ठरवताना कुणी पाठ दाखवतंय का?" म्हणाला. दोन दिवसांत उत्तर आलं, गाडी घेऊन या.

पहाटे निघालो. धनाजीची जीप पुढे, तिच्यात हत्यारं, पाण्याचे कॅन, जैनबच्या भाकऱ्या आणि स्वतः जैनब. "बंद पडणाऱ्या गाडीत मी बसत न्हाई," असं ती म्हणाली होती. मागे म्हातारी, रसूल आणि मी. आणि तिथेच रसूलचं डोकं फिरायला सुरुवात झाली. धनाजीच्या जीपचा पडदा मागच्या पावसाळ्यात फाटला होता, आणि या दिवट्यानं नवीन शिवून न घेता चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवून मागे ठोकला होता. सांगलीपासून आष्टा, आष्ट्यापासून इस्लामपूर, आमच्या डोळ्यांपुढे कुठल्यातरी भावी आमदाराचं हात जोडून हसणारं तोंड. खड्डा आला की त्याची मान डोलायची.

"धनाजी!" रसूल बाजूनं मान बाहेर काढून ओरडला. "तू मागं ये. ह्या माणसाकडं बघून माझी गाडी गरम व्हायला लागली."

धनाजीनं जीप बाजूला घेतली. "आवं चाचा, मागं आलो तर म्हातारी बसल्यावर वढायची कुणी? दोरी फुडनंच बांधाय लागती की."

"पडदा फाटला तवा माझ्याकडं यायला काय पाय मोडलं हुतं?"

"तुमी म्हणला असता, कापड आणतो, माप घेतो, चार दिस थांब. ह्यो फुकाट मिळाला. आन लय टिकाऊ हाय. पाणी लागत न्हाई, ऊन लागत न्हाई."

"लाज बी लागत न्हाई," जैनब आतून म्हणाली.

पेठ नाक्याच्या पुढे महामार्गावर काम चाललेलं. धूळ, उसाच्या ट्रॅक्टरच्या लांबलचक जोडट्रॉल्या, त्यांची गाणी. म्हातारीचं पाणी उकळलं, आम्ही थांबलो. पुन्हा निघालो, पुन्हा उकळलं. प्रत्येक थांब्याला माणसं जमायची, मोबाईल काढायची, बॉनेटला टेकून उभी राहायची. रसूल उत्साहानं त्यांना मागे न्यायचा, स्वतः पुढे येऊन दोरी ओढायला हात वर करायचा, आणि समोरचा विचारायचा, "वरातीला किती घेता?"

कऱ्हाडच्या अलीकडे मलकापूरला चहाला थांबलो. तिथे एक जण रसूलचं सगळं ऐकून घेत होता. अब्बा, कळक, कप्प्या, जीपा. मला वाटलं, मिळाला बाबा एक. शेवटी तो म्हणाला, "छान, छान. पण चाचा, नवऱ्याला मागं उभं राहता येईल का? आमच्या पोराला उभ्यानं यायचंय." रसूलनं अर्धा चहा तसाच ठेवला. मला तर त्या माणसाच्या हातातली बशी हिसकावून घ्यावीशी वाटली. माणसाला सांगायला इतकं असावं आणि विचारणाऱ्याला फक्त भाडं विचारायचं असावं, याहून मोठा छळ नाही. रिकाम्या थेटरात नाटक करणं परवडलं.

साताऱ्याच्या बाहेर एका मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर गाड्या लागल्या होत्या. काय रुबाब होता त्यांचा! काळ्या, लाल, दुधी. चकाकणारे पितळी भोंगे, तारांची चाकं. मी नाटकातली बाई, मला सजवलेलं सगळं आवडतं. क्षणभर सगळा शीण गेला. रसूलचे डोळे तर लहान पोरासारखे झाले. फाटकाशी त्यानं म्हातारीला फडक्यानं पुसलं, स्वतःची टोपी नीट केली आणि गाडी आत घेतली.

विश्वजीत नावाचा तरुण व्यवस्था बघत होता. गोल हॅट, गळ्यात शिट्टी, वागायला अतिशय नम्र. त्यानं म्हातारीला बघितलं आणि खरोखर हरखला. बॉनेट उघडायला लावलं. "काका, इंजिन मूळचंच? पेट्रोलच? कमाल आहे. लोक डिझेलची इंजिनं घालून मोकळे झाले." जाळीवर हात फिरवला, नंबराच्या पाटीचा फोटो काढला. रसूल त्याला खुणेनं मागे बोलावत होता. तो मागे आला आणि थांबला.

"काका, हे काय आहे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा योग्य जागी आला होता. रसूल पुढे गेला, सीटवर बसला आणि दोरी ओढली. पडदा डावीकडे जरा अडकला, मग सुटला आणि गुंडाळत वर गेला. रसूल उतरून विश्वजीतच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मीसुद्धा.

"भारी आहे," विश्वजीत म्हणाला. "पण हे कंपनीचं नाही ना?"

"कंपनीचंच की. नाटक कंपनीचं."

तो हसला. मग त्याचं हसू मावळलं, आणि मला कळलं की आता काहीतरी वाईट येणार. "काका, मला सांगायला बरं वाटत नाही. परीक्षक बाहेरून आलेत. गाडी कारखान्यातून जशी निघाली, तशी असेल तरच ती या रांगेत लागते. हा हूड नंतर शिवलेला. हे मागचं तर पूर्ण लोकल काम आहे. हूड ठेवला तर तुम्हाला तिकडे लागावं लागेल."

तिकडे म्हणजे मंडपामागे. तिथे निळ्या दिव्यांच्या, माणसाएवढ्या चाकांच्या, भिंतीसारखे स्पीकर लावलेल्या बदललेल्या गाड्या धडधडत होत्या.

"आन हूड काढला तर?" रसूलनं विचारलं.

"तर पहिल्या रांगेत. मी स्वतः लावतो. उघडी गाडी चालते, तेव्हाही हूड उतरवून फिरवायचे."

मी पुढे झाले. म्हटलं, "अहो, ज्या गोष्टीमुळे ही गाडी या मातीतली झाली, तीच काढायला सांगताय? या दोन जिल्ह्यांत वडापच्या जीपमागे जे कापड लटकतं, ते इथून, या काठीपासून सुरू झालंय. तुमच्या त्या चकचकीत गाड्यांनी इथल्या रस्त्यावर काय ठेवलं? हिनं हे ठेवलंय!" आवाज बराच चढला असावा, कारण पलीकडच्या गाडीतून एक कुत्रा भुंकायला लागला.

विश्वजीतनं सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, तुमचं पटतं मला. पण नियम माझे नाहीत."

पटतं म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही. मी रसूलकडे बघितलं. आता हा टोपी काढेल, हूडावर हात ठेवेल आणि म्हणेल, चला अक्का. मी निघण्याच्या तयारीत पदरसुद्धा खोचला.

रसूल म्हणाला, "रांगेत लागली, तर बाजूला एक पाटी लावता येईल का? अब्बांच्या नावाची? पडद्याची म्हणून?"

विश्वजीत गोंधळला. "काका, पडदाच नसेल तर पाटी कशाची लावू?"

रसूल रांगेकडे बघत होता, मंडपामागच्या धडधडीकडे बघत होता. मग त्यानं खिशातून दाभण काढलं आणि हूडाचे टाके उसवायला लागला.

"रसूलभाई!" मी ओरडले.

"अक्का," तो मान वर न करता म्हणाला, "तिचा काय गुन्हा? एवढ्या लांबनं उकळत उकळत आलीया. ती रांगेतलीच हाय. तिला का मागं न्यायची?"

"आणि दस्तगीर मास्तर?"

त्यानं पुढचा टाका उसवला. मला त्याचा इतका राग आला की मी जाऊन झाडाखाली उभी राहिले. मास्तरांसाठी ज्यानं सगळा खटाटोप केला, तोच मास्तरांचं काम उसवत होता, आणि तेसुद्धा नीट, एकेक टाका, कापडाला धक्का न लागू देता. जैनब जीपमधून उतरून आली. मला वाटलं आता ही त्याला सोलून काढेल. तिनं फक्त कापडाचं दुसरं टोक धरलं. दोघं लांब गेली, कापड ताणलं, चालत एकमेकांपाशी आली, घडी केली. पुन्हा लांब गेली. विश्वजीत मदतीला वाकला तशी जैनब म्हणाली, "साहेब, पाय देऊ नका. आमच्या सासऱ्यांचं हाय."

म्हातारी पहिल्या रांगेत लागली. बोडकी. माझ्या डोळ्यांना ती दागिने उतरवून ठेवलेल्या बाईसारखी दिसत होती; बाकीच्यांना मात्र छान दिसत असावी, कारण गर्दी होती. रसूल घडी खांद्यावर टाकून, वेत, दोरी आणि कप्प्या हातात घेऊन फाटकाबाहेर निघून गेला, तो आलाच नाही. मी हट्टानं गाडीजवळच बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं ठरवलं की इथे एक पडदा होता. पण जे दिसत नाही ते लोकांना किती सांगणार? पहिल्यानं "हो का" म्हटलं. दुसऱ्यानं फोटो काढायला मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. तिसऱ्यानं विचारलं, "वरातीला देता का?"

दुपार कलल्यावर बक्षिसं पुकारली. मी ऐकत नव्हते. अचानक माधवनगर असा शब्द कानावर पडला. मूळ रूप उत्तम जतन केल्याबद्दल विशेष बक्षीस, माधवनगरची शेवरलेट.

मूळ रूप! मी उठले. रसूल नव्हता, तेव्हा मीच व्यासपीठावर चढले. हातात सोनेरी मुलाम्याची छोटी मोटार दिली आणि कुणीतरी, सभ्यता म्हणून, माईक पुढे केला. कित्येक वर्षांनी माझ्या हातात माईक आला होता. समोर गर्दी होती. मी श्वास घेतला, गळा उघडला.

"मायबाप हो," मी म्हटलं, "या गाडीला एक पडदा होता—"

आणि मंडपामागून त्या स्पीकरच्या भिंतीनं गाणं सुरू केलं. जमीन हादरायला लागली. मी आवाज चढवला. खुर्च्या फेकणाऱ्या प्रेक्षकांना मी एके काळी गप्प केलेलं आहे, पण त्या भिंतीपुढे माझं काही चाललं नाही. विश्वजीतनं अदबीनं माईक काढून घेतला, माझ्या कानाशी ओरडला, "धन्यवाद मॅडम! पुढचं बक्षीस आहे!" आणि मला धरून पायऱ्या उतरवल्या. तो फार चांगला मुलगा आहे. त्यानं तसं नसायला हवं होतं, म्हणजे मला मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

मी ती सोनेरी मोटार घेऊन फाटकाबाहेर आले. रसूलला चार गोष्टी ऐकवायच्या असं ठरवूनच आले होते.

लिंबाच्या झाडाखाली धनाजीची जीप उभी होती. भावी आमदार जमिनीवर पसरलेले होते आणि त्यांच्या कपाळावर बसून जैनब भाकरी-ठेचा खात होती. जीपच्या मागून रसूलचे फक्त पाय दिसत होते. वरच्या पट्टीला त्यानं अब्बांचा पडदा लावला होता आणि दोरी पुढे ओवून घेत होता.

धनाजी म्हणाला, "अक्का, लय मापात बसलाय. एक टाका घालाय लागला न्हाई. त्या गाडीचा ह्या गाडीला कसा काय आला?"

"येणारच," आतून रसूलचा आवाज आला. "अब्बांनी म्हातारीचं माप घेऊन कागद कापला हुता. त्यावरनंच सगळ्या जीपांचं शिवलं. तुमच्या जीपांच्या मागच्या पट्ट्या बी त्या मापाच्या झाल्या मग."

मी ती सोनेरी मोटार त्याच्यापुढे धरली. "मूळ रूप जतन केल्याबद्दल," मी म्हटलं. "घ्या."

त्यानं ती हातात घेतली, उलटी करून बघितली, चाकं फिरतात का पाहिलं. फिरत नव्हती. जैनबकडे दिली. तिनं फ्लेक्सचा एक कोपरा वाऱ्यानं उडत होता, त्यावर ठेवली.

"आणि आता म्हातारीला काय?" मी विचारलं. "पडदा तुम्ही याला देऊन टाकला."

"तिला बक्षीस मिळालं की," तो म्हणाला. "आता पडदा लावला तर परत मागतील." हसला नाही. दोरीची गाठ आवळत म्हणाला, "तिथं घडी घालून माळ्यावर पडला असता, अक्का. हितं दिसातनं धा येळा वर-खाली हुईल."

मला अजून काहीतरी बोलायचं होतं. अब्बांचं नाव इथे कोण घेणार, असं विचारायचं होतं. पण ते त्यालाही माहीत होतं.

परतीला धनाजी पुढे, आम्ही मागे. हूड नसलेल्या गाडीत ऊन उजव्या गालावर, धूळ डोळ्यांत, माझा अंबाडा सुटलेला. समोर मात्र भावी आमदार नव्हते. मास्तरांचा मळकट, जाडाभरडा पडदा हलत होता. उंब्रजपाशी धनाजीनं जीप थांबवली. रिकामी जीप नेणं वडापवाल्याच्या रक्तात नाही. रस्त्यावर पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका त्याला दिसल्या होत्या. त्यानं दोरी ओढली आणि पडदा उठला. उजवीकडे सरसर, डावीकडे जरा अडकला, मग गेला. बायका वाकून आत चढल्या, दाटीवाटीनं बसल्या, आणि सगळ्या तोंडं वळवून आमच्याकडे बघायला लागल्या. मी सवयीनं पदर सारखा केला.

रसूल स्टेअरिंगवर पुढे वाकून त्या पडद्याकडे बघत होता. मला वाटलं आता त्याचे डोळे भरून येतील, वडिलांविषयी काहीतरी बोलेल. मी धीर द्यायला त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होते.

"डावीकडनं अजून बी अडकतंय," तो वैतागून म्हणाला. "अब्बांना बी कवा जमलं न्हाई ते."

आणि त्यानं भोंगा दाबला. "ए धनाजी! थांब रं जरा. उजेड हाय तवर ती कप्पी बघू दे."

निघायच्या बेतात असलेला धनाजी थांबला. आत बसलेल्या बायका कुरकुरायला लागल्या. रसूल उतरला, दाभण दातांत धरलं आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात डोकं घातलं.

पुढून जैनबचा आवाज आला, "झालं! आता कसलं घर आन कसलं जेवान!"